जीव वाचला, माणूस कोण उभा करणार?

जिल्ह्याच्या आरोग्यसेवेचा हिशेब मांडण्याची सरकारी रीत आता ठरून गेलेली आहे. खाटा किती, व्हेंटिलेटर किती, इमारतीचे मजले किती आणि उद्घाटनाला मंत्री कोणते आले, एवढी चार कलमे भरली की ताळेबंद पुरा झाला असे मानले जाते. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांतील तालुके काढून जालना जिल्हा निर्माण झाला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या साडेएकोणीस लाखांवर गेली होती. तरीही येथील गंभीर रुग्णाची वाट कित्येक वर्षे साठ किलोमीटरवरच्या औरंगाबादेकडे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरकडेच जात राहिली. २०२४ मध्ये जालन्यात शंभर जागांच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला परवानगी मिळाली. मराठवाड्यातील जनतेच्या दीर्घकालीन मागणीचे हे फळ असल्याने त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु स्वागताच्या ढोलताशांत एक प्रश्न बुडून जाता कामा नये. अतिदक्षता विभागातून जो माणूस जिवंत बाहेर पडतो, तो पुन्हा आपल्या पायांवर उभा राहतो काय? तो रानात, भट्टीवर, उसाच्या फडात परत जातो काय? या प्रश्नासाठी सरकारी तक्त्यात रकाना नाही. रकानाच नसल्याने जबाबदारीही कोणावर नाही.

या हिशेबाचा सर्वांत ढळढळीत नमुना कोविडच्या काळात पाहावयास मिळाला. रोज संध्याकाळी प्रसिद्ध होणाऱ्या पत्रकात आज दाखल झालेले, आज मृत्यू पावलेले आणि आज 'बरे होऊन घरी गेलेले' असे आकडे असत. वीस-पंचवीस दिवस यंत्राच्या आधाराने श्वास घेऊन, स्ट्रेचरवरून रुग्णवाहिकेत आणि रुग्णवाहिकेतून खाटेवर उचलून ठेवलेला मनुष्यही त्या आकड्यात 'बरा' म्हणूनच नोंदला जाई. राज्याचे आरोग्यमंत्रिपद त्या काळात याच जिल्ह्यातील घनसावंगीचे आमदार राजेश टोपे यांच्याकडे होते. मंत्री कोणत्या जिल्ह्याचा, यावर हा प्रश्न अवलंबून नाही, हेच त्यातून दिसले. आरोग्यखाते ज्याची मोजणीच करीत नाही, त्याची त्याला काळजी वाटत नाही, मग खुर्चीवर कोणीही बसो.

अंथरुणाचा रोग

आजारी माणसाने पडून राहावे, ही समजूत फार जुनी आहे आणि तिच्यात मायाही आहे. पण अतिदक्षता विभागातील पडून राहणे आणि घरच्या ओसरीवरचे पडून राहणे यांत मोठा फरक आहे. घशात नळी, रक्तवाहिनीत सुया, गुंगीचे औषध आणि पुष्कळदा खाटेच्या कठड्याला बांधलेले हात अशा अवस्थेत शरीर स्वतःलाच खाऊ लागते. गंभीर आजारात स्नायूंतील प्रथिने वितळण्याचा वेग विलक्षण असतो. लंडनमधील संशोधकांनी २०१३ साली ६३ गंभीर रुग्णांच्या मांडीच्या स्नायूचे मोजमाप प्रसिद्ध केले, तेव्हा अवघ्या दहा दिवसांत त्या स्नायूचा छेद सरासरी सुमारे १८ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. टोरांटो येथील अभ्यासगटाने फुप्फुसे निकामी होऊन वाचलेल्या १०९ रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा करून २००३ साली निष्कर्ष मांडले. वर्षानंतर त्यांतील निम्मेच लोक कामावर परतले होते, आणि मागे राहिलेली तक्रार फुप्फुसांपेक्षा हातापायांच्या अशक्ततेची अधिक होती. या अवशिष्ट दौर्बल्याला, विस्कळीत झालेल्या स्मृतीला आणि मनावर बसलेल्या भयाला २०१२ पासून वैद्यकशास्त्राने एक स्वतंत्र नाव दिले आहे. अतिदक्षतेनंतर उद्भवणारा लक्षणसमूह म्हणून तो आज जगभर ओळखला जातो.

या व्याधीवरचा उपाय औषधाच्या दुकानात मिळत नाही. रुग्णाची गुंगी दररोज कमी करून त्याला जागे करावे, यंत्र सुरू असतानाच त्याचे सांधे हलवावेत, मग त्याला स्वतः हातपाय हलवावयास लावावे, खाटेच्या कडेला पाय खाली सोडून बसवावे, आधाराने उभे करावे, खुर्चीत बसवावे आणि शक्य होईल तेव्हा चार पावले चालवावे, असा हा क्रम आहे. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथील एका रुग्णालयाने २००७ साली १०३ रुग्णांच्या १,४४९ वेळच्या अशा हालचालींचा तपशील प्रसिद्ध केला. त्यांत अनिष्ट प्रसंग एक टक्क्याहूनही कमी होते. २००९ साली शिकागो व आयोवा येथील चाचणीत १०४ रुग्ण होते. ज्यांना व्हेंटिलेटरवर असतानाच पहिल्या काही दिवसांत व्यायाम व दैनंदिन कामांचा सराव दिला गेला, त्यांतील ५९ टक्के रुग्ण रुग्णालयातून निघताना स्वतःचे स्वतः करू शकत होते; इतरांत हे प्रमाण ३५ टक्के होते. भ्रमात बरळण्याचे दिवसही चारावरून दोनावर आले.

यात गंमत अशी की, अतिदक्षता विभागाचा जन्मच मुळी माणसांच्या हातांतून झाला. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ आली, तेव्हा डॉ. ब्योर्न इब्सेन यांनी रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी घालून हाताने पिशवी दाबून श्वास देण्याची पद्धत अवलंबिली. सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून आठवडेच्या आठवडे त्या पिशव्या दाबीत बसले. रुग्णाच्या उशाशी एक जिवंत माणूस सतत असावा, हा त्या विभागाचा मूळ विचार होता. पुढे यंत्रे आली, चांगली आली, आणि त्यांनी असंख्य जीव वाचविले. पण यंत्राबरोबर उशाजवळचा माणूसही काटकसरीत निघाला. निजवून ठेवलेला रुग्ण कमी हाका मारतो, नळी ओढीत नाही, एका परिचारिकेला चार खाटा सांभाळता येतात. गुंगीचे औषध अशा रीतीने मनुष्यबळाच्या तुटीवरचा उतारा होऊन बसले.

विरोधकांचा युक्तिवाद

या विचाराविरुद्ध एक शास्त्रीय आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. २०२२ साली ७५० रुग्णांवरील एका आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीत अधिक जोराने व अधिक वेळ हालचाल करविलेल्या गटाला नेहमीची शुश्रूषा मिळालेल्या गटाहून सहा महिन्यांअखेर जास्त लाभ झालेला दिसला नाही. उलट हृदयाचे ठोके अनियमित होणे, रक्तदाब वा प्राणवायू घसरणे यांसारखे त्रास पहिल्या गटात सुमारे ९ टक्क्यांना, तर दुसऱ्यात ४ टक्क्यांना झाले. 'पाहा, व्यायाम निरुपयोगी ठरला. आता हे खूळ सोडा,' असे सांगणाऱ्यांना ही चाचणी फार सोयीची वाटते.

परंतु ज्याला 'नेहमीची शुश्रूषा' म्हटले, ती काय होती हे या मंडळींनी वाचलेले नसते. त्या गटालाही फिजिओथेरपिस्ट उपलब्ध होता आणि दररोज सरासरी नऊ मिनिटे प्रत्यक्ष हालचाल करविली जात होती. दुसऱ्या गटात ती एकवीस मिनिटे होती. म्हणजे प्रश्न भाकरी असावी की नसावी हा नव्हता. एक असावी की दोन हा होता. ज्याच्या ताटात एकही नाही, त्याला त्या निष्कर्षाच्या आधारे उपाशी ठेवणे हा शास्त्राचा विपर्यास आहे. या चाचणीने एक गोष्ट निश्चित शिकविली: रुग्णाच्या मगदुरानुसार मात्रा ठरली पाहिजे, रक्तदाब सावरलेला नसेल, प्राणवायूची गरज फार असेल किंवा मणक्याचा अस्थिभंग स्थिर केलेला नसेल, तर उभे करण्याचा हट्ट धरता कामा नये. पण मात्रा ठरविण्यासाठी तरी ती ठरविणारा प्रशिक्षित मनुष्य खाटेजवळ लागतोच. शिवाय २०२३ साली शिकागोतील दोनशे रुग्णांच्या चाचणीत, लवकर हालचाल करविलेल्यांपैकी वर्षानंतर बुद्धीचे व्यवहार मंदावलेले २४ टक्के आढळले, तर इतरांत ४३ टक्के. शास्त्राचा कौल सावधगिरीच्या बाजूने आहे. आळसाच्या बाजूने तो मुळीच नाही.

खाटेवर कोण आहे?

आता जालन्याकडे वळू. मराठवाड्यातील अतिदक्षता विभागाच्या खाटेवर कोण येतो, याचा विचार केला की प्रश्नाचे वर्गस्वरूप आपोआप उघड होते. कापसावर फवारणी करताना वा निराशेच्या भरात कीटकनाशक पोटात गेलेला शेतकरी येतो. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीच्या विषाची एक विशिष्ट खोडी १९८७ साली श्रीलंकेतील डॉक्टरांनी नोंदवून ठेवलेली आहे: पहिला धोका टळला असे वाटत असतानाच, एक ते चार दिवसांच्या आत मान, खांदे व श्वासाचे स्नायू लुळे पडतात आणि पुढे कित्येक दिवस यंत्राचा आधार लागतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण घेतले, तेव्हा देशभर चर्चा झाली. जे वाचले ते पुढे किती काळ नांगराला हात लावू शकले नाहीत, याची चर्चा झाली नाही.

जालना हे पोलादी सळईचे केंद्र आहे. त्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळई ओढणाऱ्या भट्ट्या आहेत आणि त्यांवर उत्तर प्रदेश-बिहारहून आलेले कंत्राटी मजूर राबतात. ऑगस्ट २०२४ मध्ये अशाच एका कारखान्यात स्फोट होऊन वीसहून अधिक कामगार जखमी झाले. भाजलेल्या माणसाचे सांधे पहिल्या आठवड्यापासून हलते ठेवले नाहीत, तर कातडी आवळून कोपर, बोटे, मान कायमची वाकडी होतात. जीव वाचविणाऱ्या उपचाराइतकाच हाही उपचार आहे. तो न मिळणे म्हणजे कामगाराचा हात वाचवून त्यातील श्रम गमावणे होय.

अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांचे तांडे निघतात. या व्यवसायात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. बैलगाडीखाली, ट्रॅक्टरच्या अपघातात वा फडात सर्पदंशाने नवरा अतिदक्षता विभागात गेला आणि दोन महिन्यांनी लटपटत घरी आला, तर कोयता अर्धा होतो. उचल मात्र अर्धी होत नाही. ती पुढच्या हंगामावर चढते, व्याज चढते, आणि मुलाची शाळा सुटून त्याच्या हातात कोयता येतो. डॉक्टरांच्या कागदावर जो रुग्ण 'प्रकृती सुधारल्याने घरी पाठविला' असतो, तोच रुग्ण मुकादमाच्या वहीत पुढील पिढीची वेठबिगारी लिहून देत असतो.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर, भांडवलदाराचे भांडवल बँकेत, जमिनीत व यंत्रात असते. मजुराचे भांडवल त्याच्या दंडात, मांडीत व पाठीच्या कण्यात असते. वरच्या वर्गातील गृहस्थ अतिदक्षता विभागातून आल्यानंतर सहा महिने अशक्त राहिला, तरी त्याचे भाडे, व्याज, निवृत्तिवेतन थांबत नाही. त्याच्या घरी फिजिओथेरपिस्ट येतो. मजुराच्या मांडीचा पाचवा हिस्सा झिजला, तर त्याची सारी पुंजीच पाचव्या हिश्शाने बुडाली. अशा झिजेला विमा नाही, भरपाई नाही, साधी नोंदही नाही.

यंत्र दिसते, हात दिसत नाही

मग हा स्वस्त, सिद्ध आणि साधा उपचार सार्वत्रिक का होत नाही? त्याला लागणारी सामग्री कोणती, ते पाहावे: उंची कमी-जास्त होणारी खाट, पाठ असलेली भक्कम खुर्ची, चालण्याचा वॉकर, हलविता येण्याजोगा प्राणवायूचा सिलिंडर, भिंतीवर घड्याळ, दिवसाउजेडाची खिडकी, आणि रुग्णाचा चष्मा त्याच्या डोळ्यांवर. यांतील एकाही वस्तूसाठी जागतिक निविदा लागत नाही. अडचणीचे मूळ इथेच आहे. ज्या खर्चात कंत्राट नाही, टक्केवारी नाही आणि फीत कापण्याजोगे काही नाही, तो खर्च आपल्या राज्यकर्त्यांना खर्चच वाटत नाही. यंत्राची खरेदी एकदा होते आणि तिचे छायाचित्र निघते. फिजिओथेरपिस्टचा व परिचारिकेचा पगार मात्र दरमहा द्यावा लागतो, त्यावर रजा द्यावी लागते, निवृत्तिवेतनाची मागणी येते, आणि तिची संघटनाही होते.

याचा पुरावा मराठवाड्यातच नोंदलेला आहे. २०२० साली पीएम केअर्स निधीतून पन्नास हजार व्हेंटिलेटरांसाठी दोन हजार कोटी रुपये जाहीर झाले. मे २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे जे प्रकरण आले, त्यात औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला मिळालेल्या १५० यंत्रांपैकी वापरात आणलेली ११३ यंत्रे सदोष असल्याचा अहवाल होता. केंद्र सरकारने यंत्रांत दोष नसून ती हाताळणारांना पुरेसे प्रशिक्षण नाही, असा पवित्रा घेतला आणि न्यायालयाने त्याबद्दल कान उपटले. पण क्षणभर केंद्र सरकारचे म्हणणे खरे मानू. मग यंत्रे पाठविताना हात का पाठविले नाहीत, प्रशिक्षणाला पैसा का दिला नाही, याचे उत्तर कोणी द्यावयाचे? २०२१ च्या अर्थसंकल्पात ६०२ जिल्ह्यांत अतिदक्षता इमारती उभारण्याची घोषणा झाली. घोषणेत इमारत आहे. तिच्यात रुग्णाला उभे कोण करणार, याचा उच्चार नाही.

राज्य सरकारची तऱ्हा याहून निराळी नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ खाजगी संस्थांमार्फत सरकारी पदे कंत्राटाने भरण्याचा शासननिर्णय निघाला होता. तरुणांच्या संतापामुळे तो ऑक्टोबरमध्ये मागे घ्यावा लागला, पण त्यामागची वृत्ती मागे गेलेली नाही. अतिदक्षता विभागात प्रत्येक पाळीला खाटेमागे एक परिचारिका, हा भारतीय परिचर्या परिषदेचा मापदंड आहे. तो कागदावर राहिला, म्हणजे रुग्णाला बसविण्यासाठी लागणारे दोन हात सापडत नाहीत आणि मग त्याला निजवूनच ठेवणे भाग पडते. अकरा महिन्यांच्या करारावरचा, बारावा महिना कुठे काढायचा या विवंचनेतला तरुण फिजिओथेरपिस्ट रुग्णाला व्हेंटिलेटरसह उभे करण्याची जोखीम कशी घेईल? काही विपरीत घडले तर त्याच्या पाठीशी कोण उभे राहणार? या कामाला धीट हात लागतात, आणि धीटपणा नोकरीच्या स्थैर्यातून येतो.

खाजगी रुग्णालयांचा मामला वेगळा आणि अधिक गुंतागुंतीचा आहे. तिथे दिवसागणिक खाटेचे भाडे असते. रुग्ण लवकर उठून लवकर निघावा, यात रुग्णाचे हित आहे. भाड्याचे हित त्याविरुद्ध जाते. अनेक डॉक्टर या मोहाला बळी पडत नाहीत, हे मान्यच केले पाहिजे. परंतु समाजाची व्यवस्था व्यक्तींच्या सज्जनपणाच्या भरवशावर सोडणे ही समाजवाद्यांची रीत कधीच नव्हती. महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने चालणाऱ्या जनआरोग्य योजनेची मर्यादा २०२३ मध्ये दीड लाखांवरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय झाला. योजनेचा गाभा मात्र शस्त्रक्रिया व दाखल असण्याचे दिवस यांभोवतीच फिरत राहिला. रुग्णालयाच्या फाटकाबाहेर पडलेल्या रुग्णाच्या पुढच्या तीन महिन्यांचा वाली कोण, हे तिथेही अनुत्तरितच आहे. जोतीरावांचे नाव घेणाऱ्यांनी कष्टकऱ्याच्या देहाची चिंता फाटकापाशीच सोडावी, हे त्या नावाला शोभणारे नाही.

घरच्या बाईवरचा कर

सरकार जे करीत नाही, ते अखेर कोणीतरी करतेच. अतिदक्षता विभागाच्या बंद दाराबाहेर चादर अंथरून आठ-आठ दिवस बसलेली पत्नी, आई वा सून हे काम करते. दारातून तिला दिवसातून दहा मिनिटे आत सोडतात आणि एके दिवशी अचानक, ज्याला कूसही बदलता येत नाही असा माणूस तिच्या स्वाधीन करून घरी जायला सांगतात. त्याला कसे उठवावे, पाऊल लोंबू नये म्हणून काय करावे, पाठीला जखमा पडू नयेत म्हणून किती वेळाने कूस वळवावी, हे तिला कोणी सांगितलेले नसते. ती मजुरीला जाणे सोडते. घरातली दुसरी मिळकतही अशी बुडते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९ टक्क्यांहून अधिक वाटा लोकांनी स्वतःच्या खिशातून भरला. या बाईच्या बुडालेल्या मजुरीचा त्या टक्केवारीत एक पैसाही धरलेला नाही. तो धरला, तर आपली आरोग्यव्यवस्था स्त्रियांच्या फुकट श्रमावर उभी आहे, हे झाकून ठेवणे कठीण जाईल.

नातेवाइकांना आत घ्यावे, रुग्णाशी बोलू द्यावे, हातपाय हलविण्यास शिकवावे, ही सूचना योग्यच आहे. ओळखीचा आवाज आणि ओळखीचा हात यांनी भ्रम कमी होण्यास साहाय्यच होते. पण तिचा उपयोग पदे गोठविण्याची सबब म्हणून होत असेल, तर तिला विरोधच केला पाहिजे. बायकोने शिकावे ते नवऱ्याच्या हितासाठी. अर्थखात्याची बचत व्हावी म्हणून नव्हे.

परवडण्याचा प्रश्न

'आधी जीव वाचवू द्या, मग चालण्याचे पाहू. गरीब राज्याला हे चोचले परवडणार नाहीत,' असे सचिवालयातून सांगितले जाईल. साधे गणित करू. दहा खाटांचा विभाग असेल आणि प्रत्येक रुग्णाला दिवसातून दोन वेळा अर्धा-अर्धा तास द्यावयाचा असेल, तर ते दहा तासांचे काम झाले. नोंदी व तयारी धरली, तरी दोन प्रशिक्षित माणसांचा तो एक दिवस होतो. साप्ताहिक सुट्या व रजा धरून तीन पदे पुरतात. एका अत्याधुनिक यंत्राच्या किमतीशी व देखभालीशी या तीन पगारांची तुलना करून पाहण्यास कोणाची हरकत नसावी. २००८ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात असे स्वतंत्र पथक नेमून अभ्यास झाला. रुग्ण सरासरी अकराव्या दिवसाऐवजी पाचव्या दिवशी खाटेबाहेर आला, रुग्णालयातील मुक्काम साडेचौदा दिवसांवरून अकरावर आला आणि पथकाचा पगार धरूनही एकंदर खर्च वाढला नाही. लवकर मोकळी झालेली प्रत्येक खाट म्हणजे नवे बांधकाम न करता मिळालेली खाट होय. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. पैसा नाही म्हणणाऱ्यांनी आधी आपले वचन आठवावे.

शिवाय हे चोचले पाश्चात्त्यांकडून उसने आणलेले आहेत असेही नाही. भारतातील व्यवसायोपचाराची पहिली शाळा १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात श्रीमती कमलाबाई निंबकर यांच्या पुढाकाराने सुरू झाली, आणि पोलिओच्या साथीनंतर त्याच रुग्णालयात फिजिओथेरपीच्या शिक्षणाचा पाया घातला गेला. ते रुग्णालय महापालिकेचे होते. तिथे गिरणीकामगार आणि त्यांची मुले येत. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षेही झाली नव्हती आणि देश आजच्याहून कितीतरी दरिद्री होता. त्या दरिद्री देशाला जे परवडले, ते महासत्तेच्या गप्पा मारणाऱ्या देशाला परवडत नाही, हे कोणी खरे मानावे? सार्वजनिक रुग्णालयात जन्मलेली ही विद्या आज बव्हंशी शहरी दवाखान्यांत तासावर विकली जाते. तिला तिच्या मूळ घरी परत आणणे हाच या प्रश्नाचा राजकीय अर्थ आहे.

मागण्या

प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ साली महाराष्ट्राच्या प्रादेशिक असमतोलाचा हिशेब मांडून ३,१८६ कोटी रुपयांचा अनुशेष दाखविला, तेव्हा मराठवाड्याच्या मागासलेपणाला प्रथमच आकड्यांची भाषा मिळाली. तेव्हापासून अनुशेष म्हटला की रस्ते, पाटबंधारे, खाटा व इमारती मोजण्याची सवय लागली. आता हातांचा अनुशेष मोजण्याची वेळ आली आहे. त्यासाठी पुढील मागण्या जालना जिल्ह्यातूनच उठल्या पाहिजेत.

पहिली, जिल्ह्यातील प्रत्येक सरकारी अतिदक्षता विभागात दर दहा खाटांमागे किमान तीन फिजिओथेरपिस्टांची व एका व्यवसायोपचारतज्ज्ञाची कायम पदे निर्माण व्हावीत, आणि परिचारिकांचा मान्य मापदंड पाळला जातो की नाही, हे विभागाच्या दारावर रोज लिहिले जावे. दुसरी, जालन्याच्या नव्या वैद्यकीय महाविद्यालयाने आरंभापासूनच रुग्णाला लवकर जागे करून उठविण्याची शिस्त आपल्या शिक्षणक्रमात व कार्यपद्धतीत आणावी. जुन्या सवयी मोडण्यापेक्षा नव्या संस्थेत चांगल्या सवयी लावणे सोपे असते. तिसरी, घरी जाणारा प्रत्येक रुग्ण बसू शकतो, उभा राहू शकतो की चालू शकतो, याची नोंद सुटीच्या कागदावर सक्तीची व्हावी, आणि सहा महिन्यांनी तो कामावर परतला काय, याचा पाठपुरावा प्राथमिक आरोग्य केंद्राने करावा. चौथी, या पाठपुराव्याचे काम आशा सेविकांकडे दिल्यास त्यासाठी प्रशिक्षण व स्वतंत्र वेतन द्यावे. आधीच वाकलेल्या पाठीवर आणखी एक फुकटचे ओझे टाकू नये. पाचवी, उसाच्या गाळपावर प्रतिटन आकारणी करून ज्या गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाला निधी द्यावयाचे ठरले, त्याने गंभीर आजारातून उठणाऱ्या कामगाराला उभा राहीपर्यंत निर्वाहभत्ता द्यावा आणि त्या काळात उचलीची वसुली स्थगित राहावी. सहावी, सळई कारखान्यांतील कंत्राटी कामगारांची राज्य विमा योजनेत नोंद आहे काय, याची तपासणी होऊन अपघातग्रस्ताच्या पुनर्वसनाचा खर्च कारखानदाराकडून वसूल व्हावा.

या मागण्या डॉक्टरांच्या परिषदांत मंजूर होऊन अमलात येतील, अशा भ्रमात राहू नये. परिचारिकांच्या संघटना, पोलाद कामगारांच्या युनियन आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना यांनी त्या आपल्या मागणीपत्रात घातल्या पाहिजेत. मजुरीचा दर आणि मजुराचा देह या दोन वेगळ्या लढाया नाहीत. दंडात बळच राहिले नाही, तर वाढलेला दर घ्यायला फडावर जाणार कोण? जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत नव्या यंत्राची यादी येईल, तेव्हा तिच्याखाली या पदांची यादी जोडल्यावाचून सभासदांनी हात वर करू नयेत. आणि ती यादी जोडली जावी म्हणून बैठकीच्या दालनाबाहेर कोयते व परिचारिका एकत्र उभ्या दिसल्या पाहिजेत.